चार बोटं खिडकी

मित्रांनो, जन्माने मी बादली आणि कामाने शेगडी. २०१४ सालच्या उन्हाळ्यात चारोटीला, हायवेच्या कडेला असलेल्या एका वेल्डिंगवाल्याच्या टपरीत माझं रूप पालटलं. त्याआधी मी कुठल्याशा इमारतीच्या कामावर सिमेंट वाहत होते. बूड गळायला लागलं म्हणून मला भंगारात टाकलं. वेल्डिंगवाल्याने माझ्या पोटात सळयांची जाळी बसवली, खाली राख काढायला आणि वारा घ्यायला चौकोनी तोंड कापलं, आणि डहाणूच्या बाजारातून परतणाऱ्या रूपी नावाच्या बाईने मला पसंत केलं. जीपमध्ये मला मांडीवर घेऊन ती तलासरीच्या पुढे आपल्या पाड्यावर आली.

रूपीने वारुळाची माती आणली. तीत भाताचा तूस आणि थोडं शेण कालवलं आणि मला आतून बोटभर जाडीचा लेप दिला. दोन दिवस मला सावलीत सुकवलं. तिसऱ्या दिवशी माझ्यात लाकडी कोळसा घालून पहिला विस्तव केला, तेव्हा तिचा नवरा शुक्रा हात शेकत म्हणाला, "चांगली निघाली." बस, एवढंच. पण मी त्या दोन शब्दांवर कित्येक दिवस काढले.

एक गोष्ट मी आधीच कबूल करते. मी हेवेखोर आहे. रूपीच्या घरात चूल होती. तिच्यावर रोजचा भात शिजायचा, आणि मी मात्र दाराशी पडून असायचे. मला त्या मातीच्या चुलीचाही हेवा वाटायचा. पावसाळ्यात रूपी मला डोक्यावर घेऊन नाक्यावर जायची आणि मक्याची कणसं भाजायची. मोटारी थांबायच्या, माणसं उतरायची, कणीस हातात घेऊन "वा!" म्हणायची. ती वाहवा कणसाला असायची, पण मी ती माझीच समजून घ्यायचे. शेजारी एक म्हातारा उकडलेल्या शेंगा विकायचा. त्याच्या पातेल्याभोवती माझ्यापेक्षा जास्त गर्दी झाली, की माझे निखारे उगाच तडतडायचे.

दोन वर्षं अशी गेली. मग शुक्राला धरणावर काम लागलं.

आमच्या पाड्यापासून जवळच एक धरण आहे. तिथल्या मच्छीमार सोसायटीने पाण्यात पिंजरे टाकून मासे वाढवायला सुरुवात केली होती. निळी रिकामी पिंपं एकमेकांना बांधायची, त्यांवर लोखंडी पाइपांची चौकट ठेवायची आणि चौकटीतून खाली जाळ्यांचे मोठे पिंजरे सोडायचे. पिंजऱ्यांत पंगास मासे. त्या तरंगत्या तराफ्याच्या एका टोकाला पत्र्याची खोली होती. दोन माणसं बसतील, तिसरं उभं राहील एवढीच. एक दार, एक खिडकी, वरून ताडपत्री. शुक्रा सूर्य उगवायच्या आधी होडीने तिथे जायचा, माशांना खाद्य टाकायचा, फाटलेली जाळी सांधायचा, मेलेले मासे काढायचा आणि दिवस मावळला की परतायचा. रूपी बहुतेक दिवस त्याच्यासोबत असायची.

थंडीच्या दिवसांत पाण्यावरची सकाळ वेगळीच असते, मित्रांनो. डोंगराकडून वारा येतो, पाण्यातून वाफ निघते, आणि जाळं ओढताना माणूस कोपरापर्यंत भिजतो. बोटं इतकी आखडतात की गाठ मारता येत नाही. म्हणून त्या पहिल्याच हिवाळ्यात रूपी मला होडीत घालून तराफ्यावर घेऊन गेली. दाराबाहेर, उघड्या फळ्यांवर, खाली दोन विटा देऊन मला ठेवलं. शुक्रा ओल्या हातांनी यायचा, माझ्यासमोर उकिडवा बसायचा आणि तळहात माझ्यावर धरायचा. त्याच्या कपड्यांतून वाफ निघायची. कधी तो एखादा लहान मासा माझ्यावर भाजायचा. सोसायटीचे लोक पाहणीला आले की तेही आधी माझ्याकडे यायचे. ते दिवस माझे होते. अख्ख्या धरणावर ऊब म्हटलं की मी, असं मला वाटायचं.

मग २०१७ च्या डिसेंबरात प्रविण ती वस्तू घेऊन आला.

प्रविण म्हणजे रूपीचा धाकटा भाऊ. वय अठ्ठावीस. पिंजऱ्यात मासे कसे वाढवायचे याचं शिक्षण घेऊन आलेला, म्हणून सोसायटीने त्याला देखरेखीला ठेवलं होतं. पाणी बाटलीत भरून तपासायचा, कुठल्या पिंजऱ्याला किती खाद्य ते फोनमध्ये लिहायचा. शुक्राने सारं आयुष्य मासे पकडण्यात घालवलं होतं. पाण्याचा रंग बघून तो सांगायचा, आज मासा तळाला आहे की वर. पण सोसायटीचे लोक आले की विचारायचे प्रविणला. शुक्रा बाजूला उभा राहून दोरी गुंडाळायचा. मी त्याच्या पायांपाशी असायचे. कुणी "प्रविणभाऊ" म्हटलं की त्याच्या पायाचा अंगठा फळीवर घासायला लागायचा, हे मी पाहिलं होतं.

तर प्रविणने उंबरगावच्या बाजारातून गॅसचा हिटर आणला होता. खाली लाल रंगाचा लहान सिलिंडर, त्यावर पितळी चावी, आणि चावीवर पसरट तोंड. तोंडाला पांढरी जाळी. चावी फिरवून काडी लावली, की ती जाळी भसकन लाल व्हायची. फुंकणं नाही, धूर नाही, राख नाही, डोळ्यांत पाणी नाही. रूपीने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "माय गं! निस्ता सूर्यच हाय की!"

मला कधी कुणी सूर्य म्हटलं नव्हतं.

प्रविण खूप सांगत होता. "बाय, भावोजी, नीट ऐका. हे आत लावायचं, पण खिडकी बंद करायची नाय. चार बोटं तरी उघडी पायजे, आणि दारही थोडं लोटूनच ठेवायचं. विस्तवाला हवा लागते आणि माणसालाही हवा लागते. खोली बंद केली तर दोघांना पुरत नाय." मग त्याने साबणाचा फेस करून चावीच्या जोडावर लावला. "बुडबुडा आला तर गॅस गळतोय. मग काडी लावायची नाय. सिलिंडर उचलून बाहेर ठेवायचा." ओले कपडे दोन हात लांब ठेवायचे. हिटर सपाट फळीवर उभाच असला पाहिजे, आडवा करायचा नाही. डोळा लागतोय असं वाटलं तर आधी तो बंद करायचा. आणि बंद करताना सिलिंडरची चावी घट्ट फिरवायची.

मी दाराबाहेरून सारं ऐकत होते आणि मनात फणफणत होते. केवढं कौतुक! ही बया कसली नाजूक! हिला खिडकी हवी, फेस हवा, सपाट जागा हवी. मी कधी काही मागितलं होतं? विटांवर ठेवा, दगडावर ठेवा, मी आपली जळत होते.

तो हिवाळा मला फार जड गेला. रूपी रोज सकाळी त्या हिटरचं तोंड सुक्या फडक्याने पुसायची. संध्याकाळी त्याच्यावर गोणपाट घालायची. मला कधी कुणी पुसलं नव्हतं. काही दिवसांनी मला उचलून खोलीच्या कोपऱ्यात, खाद्याच्या पोत्यांमागे सारलं. माझ्यात तुटक्या दोऱ्या, बाटल्यांची झाकणं, शेंगांची टरफलं पडू लागली. हो, टरफलं! आणि मला तिथूनच रोज त्या हिटरचं लाल तोंड बघावं लागायचं. मला वाटायचं, तो विझावा. त्याचा गॅस संपावा. तो पाण्यात पडावा आणि मी वरून बघावं.

मित्रांनो, मत्सराची एक खोड आहे. त्याला जोडीदार लागतो. मला तो शुक्रात सापडला.

शुक्राला हिटरची ऊब आवडायची, पण हिटर आणणारा खुपायचा. कुणीही आलं की म्हणायचं, "प्रविणने चांगली सोय केली." रूपीही म्हणायची, "माझ्या भावाला कळतं सगळं." त्यावर शुक्रा उठून बाहेर जायचा. जानेवारीत एके दिवशी वारा फार होता. खिडकीच्या त्या चार बोटांच्या फटीतून थेट त्याच्या मानेवर येत होता. त्याने खाद्याचं रिकामं पोतं घेतलं आणि फटीत कोंबलं. दार ओढून घेतलं. हिटर चालूच होता. थोड्या वेळाने त्याचं डोकं दुखू लागलं. रूपीलाही मळमळलं. दोघांना वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून होतंय. तेवढ्यात प्रविण सोसायटीच्या सेक्रेटरीला घेऊन आला. दार उघडताच त्याने खिडकीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"भावोजी, काय सांगितलं होतं तुम्हाला? मरायचंय का? एवढी साधी गोष्ट डोक्यात राहत नाय?"

सेक्रेटरी तिथेच उभा होता. तो हसला नाही, पण त्याने मान हलवली. शुक्रा पन्नाशीचा माणूस. त्याने ज्याला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं, तोच आज चारचौघांत त्याला असं बोलला. शुक्राने पोतं ओढून काढलं, त्याची घडी घातली आणि तो जाळं शिवायला बसला. त्याच्या हातातली सुई दोनदा चुकली.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! हिटरने माणसांची डोकी दुखवली होती. हिटरमुळे घरात भांडण लागलं होतं. मी कोपऱ्यात टरफलांखाली बसून मनातल्या मनात म्हणाले, आता बघ, आता तुझे दिवस भरले. मला तेव्हा एवढंसुद्धा कळलं नाही, की प्रविण हिटरवर ओरडला नव्हता. तो त्या पोत्यावर ओरडला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे शुक्रा आणि रूपी आले, तेव्हा पाण्यावर इतकं धुकं होतं की होडीचं पुढचं टोक दिसत नव्हतं. एका पिंजऱ्याचं जाळं पाण्याखाली फाटलं होतं. शुक्रा चौकटीच्या आधाराने छातीपर्यंत पाण्यात उतरला आणि सांधत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते, ओठ काळेनिळे झाले होते. रूपी घाईने हिटर लावायला वाकली.

"त्याला हात लावू नको," शुक्रा म्हणाला.

"अरे, थरथरतोस किती!"

"तुझ्या भावाची वस्तू तुझ्या भावाला. मला नाय पायजे." त्याने हिटर दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर फळ्यांवर नेऊन ठेवला. वर ताडपत्रीही टाकली नाही. मग तो पोत्यांमागे वाकला आणि त्याने मला बाहेर काढलं. माझ्यातली टरफलं त्याने पाण्यात ओतली. "ही आपली जुनी बरी. हिला ना खिडकी लागत, ना फेस लागत, ना हुकूम लागत."

मित्रांनो, मी हे शब्द एखाद्या हारासारखे गळ्यात घातले.

रूपी म्हणाली, "बाहेर ठेव तिला, रोजच्या जागी."

"बाहेर वारा बघ किती. आतच ठेवतो."

"मग खिडकी..."

"रूपे, ही गॅसची नाय. लाकडाचा कोळसा हाय. आपले बापजादे ह्याच्यावर जगले." त्याने खिडकी पूर्ण ओढून घेतली. फटीत पोतं घातलं. दार लावून आतून कडी घातली. कडीशेजारच्या भोकातही चिंधी कोंबली. रूपीने एकदा खिडकीकडे पाहिलं, पण ती बोलली नाही. कालच्या अपमानानंतर नवऱ्याला आणखी दुखवायचं तिच्या जिवावर आलं असावं.

शुक्राने माझ्यात कोळसा भरला, चिपाड पेटवलं, फुंकलं. मी किती दिवसांनी पेटत होते! सुरुवातीचा धूर छतापाशी गेला आणि थोड्या वेळाने संपला. निखारे लाल झाले. धूर नव्हता, वास नव्हता. फक्त ऊब होती. बाहेर वाऱ्यात मला जे कधी जमलं नव्हतं ते आत जमत होतं, सारी खोली माझ्या एकटीच्या उबेने भरली होती. शुक्राचं अंग सैल झालं. तो भिंतीला टेकला. रूपी माझ्याजवळ सरकून बसली. बाहेर दवात पडलेल्या हिटरचा विचार करून मी आणखी लाल झाले. बघ, मी मनात म्हणाले, कोण आत आहे आणि कोण बाहेर आहे.

थोड्या वेळाने रूपीने कपाळ दाबलं. "डोकं ठणकतंय रे."

"काल जेवली नाय नीट, म्हणून," शुक्रा म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. मला वाटलं, ही माझ्या उबेची गुंगी आहे. मला तर त्याचा अभिमान वाटला.

रूपी पाणी घ्यायला उठली आणि दोन पावलांवर तिचे गुडघे मोडले. ती दारालाच टेकून खाली बसली आणि मग आडवी झाली. शुक्राने हाक मारली, "रूपे." तिने उत्तर दिलं नाही. तो उठायला गेला, पण त्याचे पाय उठेनात. तो गुडघ्यांवर, मग कोपरांवर सरपटत तिच्याकडे निघाला. तेवढीशी खोली! दोन पावलं. ती त्याला संपत नव्हती. त्याने तिच्या पायाला हात लावला आणि त्याची मान माझ्यापासून वीतभर अंतरावर जमिनीला लागली. त्याचे डोळे अर्धे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

तेव्हा मला कळलं. कुणी सांगायची गरज पडली नाही. माझेही निखारे मंद होत चालले होते. आतली हवा मीच खाल्ली होती, आणि त्या हवेच्या जागी मी काहीतरी सोडलं होतं. दिसत नाही, वास येत नाही, असं काहीतरी. ज्या बाईने मला वारुळाच्या मातीने लिंपलं, तिचाच श्वास मी हिरावून घेत होते. मला विझायचं होतं, मित्रांनो. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी विझावं म्हणून तळमळले, आणि आता मला स्वतःला विझायचं होतं, पण शेगडीला स्वतःला विझवता येत नाही.

बाहेर होडी तराफ्याला लागल्याचा आवाज झाला. प्रविण खाद्याची पोती घेऊन आला होता.

"बाय? भावोजी?" त्याने हाक मारली. उत्तर नाही. त्याला वाटलं, कालचा राग आहे, बोलायचं नसेल. त्याने पोती उतरवली. हे सारं नंतर त्याने रूपीला सांगितलं, आणि रूपीने पाड्यावर सांगितलं, म्हणून मला माहीत. पोती ठेवून तो परत होडीत पाय टाकणार, तेवढ्यात त्याला हिटर दिसला. फळ्यांवर उघडाच, थंडगार, दवाने ओला. तो थबकला. एवढ्या थंडीत हिटर बाहेर, दार बंद, खिडकी बंद. मग आत शेकताहेत कशावर?

त्याने दारावर मूठ मारली. मग लाथ मारली. दार आत उघडायचं, आणि आतून रूपी त्याला टेकून पडलेली. कडी तुटली, पण दार हलेना. प्रविणने जाळी कापायचा कोयता घेतला, खिडकीचा पत्रा उचकटला आणि पोत्यासकट तो बाहेर ओढला. गार वारा आत घुसला. श्वास रोखून तो खिडकीतून आत उतरला, आधी बहिणीला खिडकीतून बाहेर ढकललं, मग शुक्राला काखेत धरून दारातून ओढत नेलं. शेवटी तो माझ्यासाठी आला. गळाच्या काठीने त्याने मला फळ्यांवरून खेचलं आणि थेट धरणात लोटलं.

मी पाण्यात पडले तेव्हा मोठ्याने चर्र झालं. माझा लेप तडकला. पाणी माझ्या पोटात शिरलं, आणि मी तळाकडे जाताना मला एवढंच बरं वाटलं, की मी विझले.

पुढचे चार दिवस मी पाण्याखाली होते. चिखलात रुतून, माशांच्या सावल्या बघत. शुक्रा आणि रूपी जिवंत आहेत की नाहीत, मला माहीत नव्हतं. ते चार दिवस मला माझ्या साऱ्या आयुष्याहून मोठे वाटले.

दोघं वाचली. प्रविणने होडी काठाला आणली, तिथून अँब्युलन्सने त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. रूपी दुपारी बोलली. शुक्राला दुसरा दिवस उजाडला. पुढे महिनाभर त्याचा उजवा हात थरथरायचा, आणि रूपी भाजीत दोनदा मीठ घालायची. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्यांना सांगितलं, बंद जागेत कोळसा जळू दे, लाकूड जळू दे नाहीतर गॅस, हवा अपुरी पडली की विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं ऊब लागून गुंगी आली. "निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून लोक त्यांना गरीब समजतात," त्या म्हणाल्या. "पण कोळसा तर कधीच आत घ्यायचा नाय. खिडकी उघडी असली तरी नाय."

गरीब! मी आणि गरीब!

शुक्रा रूपीला घेऊन तराफ्यावर परतला तो पाचव्या दिवशी. प्रविण पिंजऱ्यांपाशी होता. मग शुक्राने आधी गळ टाकून मला तळातून वर काढलं. प्रविण म्हणाला, "ती कशाला काढताय? राहू द्या तिथंच."

"तिचा काय गुन्हा? तिला मी आत नेलं," शुक्रा म्हणाला.

त्यानंतर त्याने पत्रा कापायची कात्री मागितली. खोलीच्या एका भिंतीत जमिनीलगत त्याने हातभर लांब भोक पाडलं. समोरच्या भिंतीत छताजवळ दुसरं. दोन्हींवर तारेची जाळी ठोकली, चारी बाजूंनी खिळे मारले. हात थरथरत होता, म्हणून एकेक खिळा चार-चार ठोक्यांत गेला. प्रविण खिळे हातात देत होता.

"भावोजी, चार बोटं खिडकी पुरे होती. वारा लई येईल आता."

"तुला पुरे होती," शुक्रा म्हणाला. "मला नाय पुरत. मी बंद करणारा माणूस हाय."

प्रविणने पुढचा खिळा दिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्या दिवशी सेक्रेटरीसमोर मी असं बोलायला नको होतं."

"नको होतं," शुक्रा म्हणाला. "पण खरं बोललास."

मग शुक्राने स्वतः हिटर आत आणला. साबणाचा फेस केला, जोडावर लावला, डोळे बारीक करून बघितलं, आणि प्रविणकडे न पाहता विचारलं, "बुडबुडा नाय ना?" प्रविण वाकला, बघितलं आणि म्हणाला, "नाय. लावा."

मी बाहेर फळ्यांवर, चिखलाने भरलेली, हे बघत होते. माझा मत्सर गेला असं मी सांगणार नाही. हिटर आत लाल झाला, रूपी "आता कसं" म्हणाली, तेव्हा मला टोचलंच. पण त्या टोचण्याखाली आणखी एक गोष्ट होती. त्या दिवशी तो दवात उघडा पडला होता म्हणून प्रविण थबकला. ज्याने पाण्यात पडावं अशी मी इच्छा केली, त्याच्यामुळे माझी माणसं वाचली. हे मला आवडो न आवडो, ते तसंच घडलं होतं.

रूपीने मला घरी नेलं, नवी माती लावली आणि अंगणात ठेवलं. वर्ष गेलं. पावसाळ्यात मी पुन्हा नाक्यावर गेले, कणसं भाजली.

२०१९ च्या जानेवारीत एका सकाळी शेजारची भिकी धावत आली. तिच्या सुनेला मुलगी झाली होती. पहाटेच दवाखान्यातून घरी आणली होती. "रूपे, तुझी शेगडी दे गं. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचाय. खोली गच्च बंद केलीय, चिंध्या लावल्यात, वाऱ्याला वाट नाय कुठं. शेगडी खाटेखाली ठेवते, दिवसभर ऊब राहील."

मित्रांनो, एके काळी हे ऐकून मी फुलून गेले असते. नवं बाळ, बंद खोली, आणि मधोमध मी! त्या सकाळी मात्र माझ्यातली राखसुद्धा गारठली. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड आहे ते फक्त वारा घ्यायला.

रूपीने हातातलं सूप खाली ठेवलं. "शेगडी देते," ती म्हणाली. "पण मी बरोबर येते."

तिने मला भिकीच्या अंगणात नेलं. अंगणात, आत नाही. मग ती खोलीत गेली. मी तिचा आवाज ऐकला: खिडकीतल्या चिंध्या खसाखस ओढल्या, दार सताड उघडलं. भिकी कुरकुरली, "अगं, पोरीला थंडी वाजंल!"

"पोरीला दुपट्यात गुंडाळ, आईच्या पोटाशी ठेव. थंडी वाजली तर ती रडंल, तुला कळंल. माझ्यासारखी निजली तर कुणाला कळंल?" रूपी बाहेर आली, तिने माझ्यात विस्तव केला आणि स्वच्छ फडकी माझ्यावर लांबून धरली. फडकं गरम झालं की आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, जास्त नाही ना. मग भिकीच्या हातात द्यायची. भिकी ते आत न्यायची, गार झालेलं परत आणायची. अशा किती फेऱ्या झाल्या, मी मोजल्या नाहीत.

मित्रांनो, मला आत कुणी नेलं नाही. बाळाने मला पाहिलं नाही, आणि मी बाळाला पाहिलं नाही. तुमच्याही घरात कुठेतरी माझी बहीण असेल, नाहीतर तो गॅसचा हिटर असेल. आम्हाला जपा, पण आमच्यावर विसंबून दार लावून निजू नका. कुणी थंडीने कुडकुडत "बंद करा ती खिडकी" म्हणालं तर म्हणू द्या, रागावलं तर रागावू द्या. आणि आम्हाला बाहेर ठेवल्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या सकाळी मी अंगणात उन्हात जळत होते, वारा माझी ऊब निम्मी उडवून नेत होता, आणि उघड्या दारातून त्या पोरीचं रडणं येत होतं. मोठं, खणखणीत, भरल्या छातीचं. इतकं चांगलं काही मी आजवर ऐकलं नव्हतं.